चिखलाचे वतन राखणारी मुलगी

अभ्यासासाठी वाचन: गणना २७:१-११ आणि १ राजे २१:१-१६



या तिमाहीचा अभ्यास आपल्याला फार लांब घेऊन जाणार आहे. नकाशावर ऑस्ट्रेलियाच्याही पूर्वेला न्यूझीलंडची दोन मोठी बेटे दिसतात. त्यांतल्या उत्तर बेटाच्या वरच्या टोकाकडे, पश्चिम किनाऱ्यावर, होकिआंगा नावाची एक लांब खाडी जमिनीत खोलवर शिरलेली आहे. तिच्या उत्तरेच्या बाजूला फाकारापा नावाचे माओरी लोकांचे गाव होते. आज त्याला पांगुरू म्हणतात. १९१४ साली या गावातली १८ वर्षांची एक मुलगी आपल्या माणसांना घेऊन खाडीकाठच्या चिखलात उतरली आणि एका शेतकऱ्याच्या मजुरांनी खणलेले चर बुजवू लागली. मजुरांनी पुन्हा खणले. यांनी पुन्हा बुजवले.

मुलीचे नाव फीना. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे कोणी ते ‘व्हिना’ असे वाचतात, पण उच्चार फीना असाच आहे. पुढे त्या डेम फीना कूपर म्हणून देशभर ओळखल्या गेल्या आणि वयाच्या ७९ व्या वर्षी माओरी जमिनीसाठी त्यांनी काढलेला मोर्चा इतिहासात नोंदला गेला. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा त्या मोर्चापासून सुरुवात करतात. आपण चिखलापासून करू.

आधी त्या भागाची थोडी ओळख. होकिआंगा हे नाव तिथल्या मंडळीच्या इतिहासात फार मानाचे आहे. फ्रान्सहून आलेले बिशप पाँपालिए जानेवारी १८३८ मध्ये याच खाडीत उतरले आणि न्यूझीलंडच्या भूमीवरचे त्यांचे पहिले मिस्सा इथेच एका आयरिश व्यापाऱ्याच्या घरात झाले. खाडीच्या दुसऱ्या बाजूला मांगुंगु इथे वेस्लियन मिशनचे ठाणे होते. १२ फेब्रुवारी १८४० रोजी त्या मिशनच्या आवारात हजारो माओरी जमले आणि त्यांच्या प्रमुखांनी वायतांगीच्या तहावर सह्या व खुणा केल्या. तह सहाच दिवसांपूर्वी वायतांगी येथे झाला होता. इंग्लंडच्या राणीच्या वतीने त्यात वचन दिले होते, की माओरींच्या जमिनी, जंगले आणि मासेमारीच्या जागा त्यांना हव्या असतील तोवर त्यांच्याच ताब्यात राहतील. मासेमारीच्या जागा हे शब्द लक्षात ठेवा.

फीनाचा जन्म ९ डिसेंबर १८९५ चा. वडील हेरेमिया ते वाके हे ते रारावा या जमातीचे पुढारी, आणि कॅथलिक मंडळीत धर्मशिक्षण देणारे. बिनपगारी पण अत्यंत जबाबदारीचे हे काम किती महत्त्वाचे असते ते खेड्यातल्या आपल्या मंडळ्यांना सांगायला नको. धर्मगुरू महिन्यातून एखाद्या वेळी यायचे. बाकी सगळे अशाच माणसांवर चालायचे. आपल्या जमातीची वंशावळ, कोणती टेकडी कोणाची, कोणत्या ओढ्याला कोणते नाव आणि ते का पडले, हे सारे हेरेमिया या मुलीला सांगत. वयाच्या ११ व्या वर्षी ती नेपिअरच्या सेंट जोसेफ माओरी मुलींच्या शाळेत शिकायला गेली. हेरेमियांचे स्नेही आणि सरकारातले माओरी मंत्री जेम्स कॅरल यांनी तिच्या फीचा भार उचलला. १९११ मध्ये ती परत आली, तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी दुसऱ्या एका जमातीच्या मोठ्या प्रमुखाचे स्थळ पाहून ठेवले होते. ते विधुर होते. मुलीने नाही म्हटले. मग गावच्या सहकारी दुकानात काही दिवस काम, नंतर पावारेंगाच्या शाळेत शिकाऊ शिक्षिकेची नोकरी, आणि १९१४ मध्ये तीही सोडून ती घरी आली.

त्याच वर्षी चिखलाचा प्रश्न उभा राहिला.

खाडीत भरती आली की गावाजवळचा एक सपाट पट्टा पाण्याखाली जाई आणि ओहोटीला उघडा पडे. कोकणातल्या वाचकांना खाजण म्हटले की चित्र डोळ्यांपुढे येईल. परक्या माणसाला तिथे फक्त चिखल दिसे. गावाला ते कोठार होते. बायका-मुले तिथून शिंपल्या वेचून आणत, त्यावर घरे जेवत. कोरड्या दिवसांत चिखल सुकून टणक झाला की तरुण मंडळी तिथेच घोड्यांच्या शर्यती लावत. (हा तपशील मला फार आवडतो. जमिनीच्या भांडणात पोटाचा हिशेब सगळे मांडतात, पोरांच्या शर्यती कोणी मांडत नाही. पण गाव म्हणजे त्याही असतात.) हा पट्टा कोणा एकाचा नव्हता. कोणी तो विकला नव्हता, कोणी विकत घेतला नव्हता.

सरकारी दप्तरात मात्र भरती-ओहोटीच्या मधली जमीन सरकारची समजली जात होती आणि तिचा कारभार सागरी खात्याकडे होता. या खात्याने तो पट्टा जवळच्या एका गोऱ्या शेतकऱ्याला भाडेपट्ट्याने दिला. त्याला तिथले पाणी काढून शेतजमीन करायची होती. यात त्याने काही फसवाफसवी केली असे नाही. अर्ज केला, पट्टा मिळाला, मजूर लावले. खाडीची जमीन लागवडीला आणायची तर चर खणून पाणी वाहून न्यावे लागते, भरतीचे खारे पाणी अडवावे लागते आणि मग मातीतले मीठ धुऊन निघायची वाट पाहावी लागते. आपल्या कोकणातही शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खाजणे भाताखाली आणली आहेत, तेव्हा पाणी काढणे हेच पाप होते असे मी म्हणणार नाही. जे लोक रोज त्या चिखलात उतरत होते त्यांना कोणी विचारले नव्हते, ही खरी तक्रार होती. आणि एकदा चर पुरे झाले असते, शेत उभे राहिले असते, तर नंतर आलेल्या कोणत्याही निकालाने शिंपल्या परत आल्या नसत्या.

हेरेमियांनी रीतसर मार्ग धरला आणि पट्टा रद्द व्हावा म्हणून संसदेपर्यंत दाद मागितली. राजधानी वेलिंग्टन बेटाच्या दुसऱ्या टोकाला. पत्र जायचे, उत्तर यायचे, त्यात दिवस जात. आणि इकडे चर रोज लांब होत होते. अर्जाचे उत्तर येईपर्यंत ज्याच्यासाठी अर्ज केला ती वस्तूच उरणार नाही, हा धोका त्या मुलीने ओळखला. तिने माणसे जमवली आणि चर बुजवायला सुरुवात केली. तिने कोणाला मारहाण केली नाही. मजुरांनी दिवसभर खपून जे खणावे ते यांनी परत भरून टाकावे, एवढेच.

तिचे वय पाहा. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना मताचा हक्क १८९३ मध्येच मिळाला होता, माओरी स्त्रियांनाही. पण मतदानासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण लागत. म्हणजे ज्या संसदेकडे वडील दाद मागत होते तिच्यासाठी मत द्यायलाही ही मुलगी अजून लहान होती. तिच्या हातात होता तो फक्त वेळ, आणि तोच तिने वडिलांच्या अर्जाला मिळवून दिला.

चर बुजवणाऱ्यांवर अतिक्रमणाचा आरोप ठेवण्यात आला. आपल्याच पूर्वजांच्या काठावर पाऊल ठेवल्याबद्दल अतिक्रमण! पण तोवर वडिलांच्या अर्जाने आपले काम केले होते. सागरी खात्याने पट्टा मागे घेतला आणि चिखल गावाला राहिला.

इथे थांबून आपल्या वाचनाकडे वळू. गणनाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. बाप रानात मेला, त्याला मुलगा नव्हता. रूढीप्रमाणे त्याचा वाटा दुसऱ्या घरात जाणार होता. या पाच जणी निवासमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी जमली असता तिथे जाऊन उभ्या राहिल्या आणि बापाच्या नावाचा वाटा मागितला. मोशेकडे उत्तर नव्हते. त्याने ते प्रकरण देवापुढे नेले, आणि मुलींचे म्हणणे रास्त आहे असा निर्णय मिळाला. वाचताना आपण बहुधा निर्णयाकडे पाहतो. त्याआधीचे दाराशी उभे राहणे नजरेतून सुटते. त्या विचारायला गेल्या नसत्या तर नियम बदललाच नसता.

दुसरे वाचन नाबोथाचे. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याची किंमत देऊ केली, बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला. बाजारभावाने पाहिले तर सौदा वाईट नव्हता. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते आणि ते विकण्याचा अधिकार आपल्याला आहे असे तो मानत नव्हता. पुढे ईजबेलने काय केले? राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर केली, साक्षीदार उभे केले. सगळे कसे कागदोपत्री झाले. फाकारापाच्या शेतकऱ्याला मी ईजबेलच्या पंक्तीला बसवत नाही, ते अन्यायाचे होईल. पण मोहर असलेला कागद आणि कागद नसलेले वतन यांची गाठ पडली की काय होते, ते दोन्हीकडे दिसते.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात वारशाच्या जमिनीसाठी ‘वतन’ हा शब्द आला आहे आणि तो आपल्याला लगेच समजतो. माओरी भाषेत जमिनीला ‘फेनुआ’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागून पडते ती. मूल जन्मले की त्याची वार कुटुंबाच्या जमिनीत पुरण्याची चाल त्यांच्यात आहे. ज्यांच्या घरी आजीने नाळ कुठे पुरली ते दाखवले असेल त्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही. मग अशी जमीन हातची गेली कशी? लढाईत गेली, जप्तीत गेली, हे खरे. पण पुष्कळशी गेली ती कोर्टातून.

१८६५ मध्ये माओरी जमिनींसाठी वेगळे कोर्ट नीट उभे राहिले. त्याचे काम असे, की जमातीच्या सामाईक जमिनीला नावानिशी मालक नेमून द्यायचे. सुरुवातीच्या कायद्यात एका तुकड्याच्या कागदावर बहुधा दहापेक्षा जास्त नावे घातली जात नसत. शेकडो माणसांची जमीन, आणि कागदावर दहा जण. जमातीला वाटे, हे दहा आपल्या वतीने विश्वस्त आहेत. कायद्याला वाटे, हेच मालक. त्यातल्या एखाद्याला कर्जात गाठले की काम झाले. कर्जही तिथेच तयार होई: मोजणीचा खर्च जमीनधारकांवर, कोर्टाच्या तारखांसाठी आठवडेच्या आठवडे परगावी मुक्काम, तिथल्या दुकानात उधारी. जे दावा सांगायला जात नसत त्यांचे नावच लागत नसे, म्हणून जाणे भागच. पुढे वारसांची नावे वाढत गेली आणि एकेका तुकड्यावर इतके हिस्सेदार झाले, की त्यावर शेती करणे अशक्य व्हावे. १९७० च्या दशकापर्यंत देशाच्या ६ कोटी ६० लाख एकरांपैकी माओरींच्या हाती सुमारे २५ लाख एकर उरले होते.

आता एक गोष्ट सांगतो जी मिशनच्या पत्रिकेत लिहिणे अवघड आहे, आणि म्हणूनच ती इथे लिहायला हवी. १८४८ मध्ये न्गाती तोआ जमातीने वेलिंग्टनजवळ पोरिरुआ येथील आपली ५०० एकर जमीन अँग्लिकन चर्चला दिली. अट एकच: तिथे त्यांच्या मुलांसाठी शाळा काढावी. १८५० मध्ये सरकारने ती जमीन बिशपांच्या नावे करून दिली. शाळा काही निघाली नाही. वर्षे गेली. तेव्हा जमातीचे पुढारी वी पाराता यांनी जमीन परत मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले. १८७७ च्या निकालात मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी जमातीविरुद्ध निकाल तर दिलाच, पण वायतांगीच्या तहाला कायद्याच्या दृष्टीने काही किंमतच नाही असेही म्हटले. त्या एका मताचे ओझे माओरी लोकांनी पुढे अनेक दशके वाहिले. म्हणजे ज्या तहाच्या सह्या एका मिशनच्या आवारात झाल्या, तो निकालात काढणाऱ्या खटल्यात समोरची बाजू बिशपांची होती. आदिवासी भागात आपण शाळा, वसतिगृह, दवाखाना यांसाठी जमीन स्वीकारतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. देणाऱ्याने कशासाठी दिली हे आपल्या दप्तरात लिहिलेले आहे का, आणि ते काम अजून चालू आहे का, हे एकदा उघडून पाहायला हरकत नाही.

दुसरी बाजूही त्याच होकिआंगात आहे. १९१४ नंतर फीनाने रावेने इथे धर्मगुरूंच्या घरी घरकाम सांभाळले. १९१७ मध्ये तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध रिचर्ड गिल्बर्ट यांच्याशी लग्न केले. पुढच्याच वर्षी जगभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हेरेमिया गेले. बापाचे छत्र गेले आणि ज्या गावाचा चिखल तिने वाचवला तिथेच तिला थारा राहिला नाही. घर सोडावे लागले. तेव्हा मिल हिल मिशनचे फादर क्रायम्बोर्ग यांनी तिला कर्ज दिले. त्या पैशांतून तिने वडिलांचे घर आणि गावातले दुकान विकत घेतले, दुकान चालवले, आणि तीन वर्षांत कर्ज फेडले. बापाच्या घराची किंमत मुलीला मोजावी लागली, हे सलाफहादाच्या मुली वाचल्यानंतर टोचते. पण त्या मिशनरीने दान न देता कर्ज दिले, आणि एका तरुण बाईवर विश्वास ठेवला, याचे मोल फीना अखेरपर्यंत विसरल्या नाहीत असे त्यांच्या चर्चवरच्या निष्ठेवरून दिसते.

मधला काळ मी झपाट्याने सांगतो. १९३० च्या दशकात माओरी मंत्री आपिराना न्गाता यांच्या जमीन-सुधार योजना होकिआंगात आल्या तेव्हा त्या राबवण्यात फीना पुढे होत्या. १९३५ मध्ये पती वारले. विल्यम कूपर यांच्याशी दुसरे लग्न झाले, त्यावरून गाव दुखावले, आणि त्यांना पुन्हा पांगुरू सोडावे लागले. त्या काही निष्कलंक संतचरित्रातल्या बाई नव्हत्या. हट्टी होत्या, हुकूम चालवत, आणि पुष्कळांना त्या झेपत नसत. १९५१ मध्ये माओरी स्त्रियांच्या कल्याणासाठी देशव्यापी संघटना निघाली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या आणि १९५७ पर्यंत राहिल्या. शहरात आलेल्या माओरी कुटुंबांची घरे, आरोग्य, मुलांचे शिक्षण हे त्यांचे विषय.

मग १९६७ मध्ये एक कायदा आला. चार किंवा त्याहून कमी मालक असलेली माओरी जमीन सक्तीने साधारण जमीन म्हणून नोंदवायची, म्हणजे ती विकली जाण्याचा मार्ग मोकळा. उरलेसुरलेही जाणार असे लोकांना वाटू लागले. १९७५ मध्ये निरनिराळ्या जमातींचे लोक एकत्र आले आणि नेतृत्व फीना कूपर यांच्याकडे दिले. १४ सप्टेंबरला उत्तर टोकावरच्या ते हापुआ गावातून सुमारे ५० माणसे पायी निघाली. निघताना काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी, हातात काठी, दुसऱ्या हातात छोट्या नातीचा हात, आणि पुढे कच्चा रस्ता. वाटेत गावोगावच्या सभागृहांत मुक्काम, तिथे रात्री भाषणे, सकाळी पुन्हा चाल. पुढच्या माणसाच्या हाती एक कोरीव लाकडी खांब असे. तो सबंध वाटेत जमिनीला टेकवायचा नाही असे ठरले होते, कारण खांब रोवायला जमीनच उरली नव्हती. सुमारे हजार किलोमीटर चालून १३ ऑक्टोबरला मोर्चा वेलिंग्टनला संसदेसमोर पोचला तेव्हा ५,००० माणसे होती, आणि पंतप्रधान बिल रोलिंग यांच्या हाती दिलेल्या अर्जावर ६०,००० सह्या होत्या.

१९१४ मध्ये वडिलांनी अर्ज पाठवला होता आणि मुलीने चिखलात काम केले होते. ६१ वर्षांनी दोन्ही कामे एकाच बाईने केली. अर्ज ती स्वतःच पायी घेऊन गेली.

त्याच सुमारास तहाच्या उल्लंघनाच्या तक्रारी ऐकणारे वायतांगी न्यायाधिकरण कायद्याने स्थापन झाले. सुरुवातीला ते फक्त नव्या तक्रारी ऐकू शके. १९८५ मध्ये त्याला १८४० पासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला आणि तेव्हापासून अनेक जमातींना जमीन, भरपाई आणि सरकारची लेखी क्षमायाचना मिळाली आहे. घेतले त्या मानाने परत दिलेले थोडेच.

आणि तो चिखल? इथे आपल्याला प्रामाणिक राहिले पाहिजे. १९१४ मध्ये पट्टा मागे घेतला गेला, पण चिखल तुमचा आहे असे कोणी म्हटले नव्हते. खात्याने उद्या दुसऱ्याला पट्टा दिला असता तर? भरती-ओहोटीच्या जमिनीचा हा प्रश्न जवळजवळ ९० वर्षे तसाच पडून होता. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितले, की अशा किनाऱ्यावरचा आपला परंपरागत हक्क माओरी जमाती कोर्टात मांडू शकतात. सरकार घाबरले आणि २००४ मध्ये कायदा करून किनारा सरकारच्या मालकीचा ठरवला. तेव्हा पुन्हा हजारो लोक उत्तरेकडून वेलिंग्टनपर्यंत मोर्चाने गेले, फीनाबाईंच्या मार्गाने. २०११ मध्ये तो कायदा रद्द होऊन दुसरा आला. त्यात किनारा कोणाच्याच मालकीचा नाही, पण परंपरागत हक्क सिद्ध करता येतात. सिद्ध करण्याच्या अटी कठीण आहेत आणि वाद आजही चालू आहे.

एका वाडीत स्त्रियांच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली होती. एक बाई हसून म्हणाली, “म्हणजे तिकडेही चरच!” तिच्या वाडीत वरकस जमिनीवर, जिथे घरे नाचणी-वरई पेरत होती, तिथे झाडे लावण्यासाठी म्हणून चर खणले गेले होते. तिने मग विचारले, की त्या मुलीकडे कागद होता का. मी म्हटले, नव्हता. ती म्हणाली, “आपल्याकडे आता निघतो.”

तिचे खरे आहे, आणि आपल्या मंडळातल्या सर्वांना ते ठाऊक असावे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वहिवाटीच्या वनजमिनीवर वैयक्तिक हक्क मिळतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. आणि पती-पत्नी दोघे असतील तर पट्टा दोघांच्या नावे निघतो. त्याच कायद्यात सामूहिक हक्कही आहे, म्हणजे चराई, बांबू, मोह, तेंदूपाने, मासळी यांच्या जागांवर गावाचा हक्क. फाकारापाच्या लोकांना १९१४ मध्ये नेमके हेच हवे होते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. त्याआधी त्या गावाने ग्रामसभेत बसून वर्षानुवर्षे अभ्यास केला होता.

मुलींच्या वाट्याचे मात्र अजून अडते. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढली तरच होतो. त्यामुळे आदिवासी मुलीचा वडिलांच्या जमिनीतला वाटा पुष्कळदा रूढीवर आणि भावांच्या मनावर राहतो. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ज्या दाराशी उभ्या होत्या तिथे आपल्या ओळखीच्या किती मुली उभ्या आहेत, हे आपण कधी मोजलेले नाही.

फीना कूपर १९८३ मध्ये पांगुरूला राहायला परत गेल्या आणि २६ मार्च १९९४ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, होकिआंगातच वारल्या. बिशप पाँपालिए म्हातारपणी फ्रान्सला परतले होते व तिथेच पुरले गेले होते. २००२ मध्ये त्यांच्या अस्थी होकिआंगाच्या लोकांनी परत आणल्या आणि पांगुरूजवळच्या मोतुतीच्या चर्चमध्ये ठेवल्या.

मंडळात या पाठावर बोलताना एका कामापासून सुरुवात करावी. आपल्या गावाची अशी एक जागा निवडा, जिचा सातबारा कोणा एकाच्या नावावर नाही आणि जिच्यावाचून चुलीचे अडेल: ओढ्याचा काठ, गायरान, मोहाची झाडे, काहीही. तिच्या सीमा कोणत्या, तिथून कोण काय आणते, कधीपासून, हे वाडीतल्या सर्वांत वयस्कर बायकांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारीख घाला, खाली त्यांचा अंगठा किंवा सही घ्या. वनहक्काच्या दाव्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा असा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो. लिहिण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलींकडे द्या. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या.